मोरीत ओतलेलं औषध

जॉबरमामाला कुणी नमस्कार केला, की तो आधी त्या माणसाच्या घोट्यांकडं बघायचा आणि मग तोंडाकडं. मी पहिल्या दिवशी कडक इस्त्रीचा कोट घालून वॉर्डात शिरलो आणि जरा रुबाबातच "मी नवा हाउसमन" असं म्हणालो, तेव्हा त्यानं खाली वाकून माझा मोजा ओढला, अंगठ्यानं घोट्याच्या वर दाबून बघितलं आणि म्हणाला, "सूज न्हाय. दोन महिन्यांनी येईल. हितं उभं राहून सगळ्यांनाच येती." त्यानंतर कुठं त्यानं मला नमस्कार केला.

सूज दोन महिन्यांनी आली नाही, सहा आठवड्यांतच आली.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरातल्या एका धर्मादाय इस्पितळात मी शिकाऊ डॉक्टर होतो आणि तो ड्रेसर. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा, मलमपट्टी करणारा माणूस. हजेरीपटावर त्याचं चांगलं लांबलचक तेलुगू नाव होतं, पण ते फक्त हजेरीपटालाच माहीत. तरुणपणी तो एका गिरणीत जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा कारागीर. गिरणी सोडून इस्पितळात आला तरी जॉबर हे नाव सुटलं नाही. इस्पितळातल्या गडीमाणसांना मामा म्हणायची पद्धत, म्हणून जॉबरमामा. गिरणी का सोडली याचं कारण तो प्रत्येकाला वेगळं सांगायचा. मेट्रनला म्हणाला, मागांच्या आवाजानं कान गेले. तिच्या हाताखालच्या सिस्टरला म्हणाला, आईची इच्छा होती. मला म्हणाला, "हितला चहा बरा असतो." आमच्या इस्पितळाचा चहा मी तीन वर्षं प्यायलो आहे. एवढं धडधडीत खोटं इतक्या शांत चेहऱ्यानं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्याला सगळं ओढून बघायची खोड होती. खिडकीचा पडदा, सिस्टरच्या ॲप्रनचा बंद, पेशंटच्या खाटेची नवार, माझा टाय. दोन बोटांत धरून हलकेच ओढायचा आणि निकाल द्यायचा. "सैल हाय." "लई कडक." आणि क्वचित, फार क्वचित, "ताण बरोबर हाय." त्याच्याकडं कौतुकाचे एवढेच तीन शब्द होते. ते ऐकायला मिळावेत म्हणून मी पट्टी बांधायची तालीम खुर्चीच्या पायावर करायचो आणि तो येऊन, ओढून, "सैल हाय" म्हणून निघून जायचा.

त्याची स्वतःची पट्टी मात्र बघण्यासारखी असायची. बोटांपासून सुरू करून गुडघ्यापर्यंत वर चढत जायची. प्रत्येक पदर आधीच्या अर्ध्यावर, आणि खालपासून वरपर्यंत कुठं चिमटा नाही की झोळ नाही. माणूस ती पट्टी बांधून भवानी पेठेतून अक्कलकोट रोडपर्यंत चालत जाऊन आला तरी ती तसूभर सरकायची नाही. आम्ही डॉक्टरांनी बांधलेली पट्टी दुपारच्या जेवणापर्यंत घोट्यावर येऊन बसायची.

आणखी एक. कुणी जखमेच्या तोंडावर "छान भरतेय हं" असं म्हटलं, की त्याचं डोकं फिरायचं. "तिच्यापुढं बोलू नका!" असं म्हणून तो चक्क जखमेवर हात धरायचा. स्तुती ऐकली की जखम आळशी होते, असं त्याचं मत. स्वतः तो जखमांना तेलुगूत दरडावायचा. पेशंटला मात्र कधी चढ्या आवाजात बोलला नाही.

आमच्या मोठ्या सरांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सर शहरातले नावाजलेले सर्जन. सकाळी तीन तास आमच्याकडं फुकट काम करायचे, हात सोन्याचा होता आणि गरिबाला कधी परत पाठवलं नाही. हे सगळं मी आजही शपथेवर सांगेन. पण जखमेच्या बाबतीत त्यांचा एकच हुकूम होता, आणि तो हुकूम म्हणजे हुकूम. प्रत्येक जखम रोज सकाळी उघडायची, पेरॉक्साइडनं फेस येईपर्यंत धुवायची, कोरडा गॉज लावायचा आणि बांधायची. वॉर्डात एक जाडजूड वही होती. खाटेचा नंबर, औषध, मग "केलं" असं लिहिण्याचा रकाना, त्यापुढं ड्रेसरची सही आणि त्याखाली हाउसमनची. ती वही रोज अकराला सरांच्या टेबलावर जायची.

जॉबरमामाला हा हुकूम मान्य नव्हता. तसं सरांना तोंडावर सांगताना मी त्याला कधी ऐकलं नाही. मला सांगितलं.

"डॉक्टर, कोरडा गॉज रातभर चिकटून बसतो. सकाळी तुमी तो ओढून काढताव. त्याच्यासंगं काय निघतंय बघितलाव का कवा?"

"घाण निघते."

"घाण न्हवं. काल आलेलं नवं मांस निघतंय. मागावर कापड चढलंय, आन तुमी रोज सकाळी येऊन चार बोटं उसवून बघताव, विणकाम बरं चाललंय का म्हणून. असं कापड कवा हुईल?"

मी हसलो. कॉलेजातून ताजा ताजा निघालेला मी. गिरणीतल्या माणसानं मला जखम शिकवावी?

मग नरसम्मा आली.

नरसम्मा अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत एका यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरायची. म्हणजे धोट्यात घालायच्या कांडीवर सूत गुंडाळायचं काम. दिवसभर उभं राहून. चौदा वर्षं उभी होती. डाव्या पायाच्या घोट्याच्या आतल्या बाजूला तळहाताएवढी जखम, चार वर्षांची. नवरा नव्हता. दोन मुली होत्या, थोरली सातवीत. आधीच्या एका डॉक्टरनं पाय कापावा लागेल म्हणून सांगितलं होतं, ते ऐकून ती वर्षभर कुठल्याच दवाखान्याची पायरी चढली नव्हती. सरांनी पाय बघितला आणि म्हणाले, "दोन महिने बघू. नाही भरली तर मग पर्याय नाही."

नरसम्मानं मला विचारलं, "पाय गेला तर मशीनपुढं उभं कोन राहील, साहेब? मुली?"

जॉबरमामा खाटेपाशी उभा होता. त्यानं तिच्या लुगड्याचा काठ दोन बोटांनी ओढून बघितला आणि तेलुगूत काहीतरी म्हणाला. ती पहिल्यांदाच हसली. काय म्हणालास म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "लुगडं आमच्या गल्लीतलं हाय. ताण बरोबर हाय."

साधारण दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. मी सकाळी लवकर वॉर्डात आलो तर जॉबरमामा ड्रेसिंगच्या खोलीतल्या मोरीपाशी उभा. हातात पेरॉक्साइडची बाटली. मापानं, अगदी मापानं, एका पेशंटला लागतं तेवढं औषध त्यानं मोरीत ओतलं. मोरी फसफसली. मग त्यानं शांतपणे टेबलावरची वही ओढली आणि नरसम्माच्या खाटेपुढं लिहिलं, "केलं".

"हे काय चाललंय?" मी ओरडलो.

"औषध संपलं न्हाय तर स्टोअरवाला विचारतो," तो म्हणाला. "आन आपली मोरी बघा की. सोलापुरात असली मोरी कुटं न्हाय."

मी सरांना सांगतो म्हणून तणतणलो. सांगा म्हणाला. आधी हे बघा आणि मग सांगा. असं म्हणून त्यानं कपाटामागून कागदांचा गठ्ठा काढला. चादरीची नक्षी काढायला कारागीर जो बारीक चौकटींचा कागद वापरतात, तो. भवानी पेठेत त्याचा एक दोस्त चादरीच्या नक्ष्या काढायचा, त्याचे बिघडलेले कागद हा आणायचा. जुन्या एक्स-रेची फिल्म सोड्यानं धुऊन त्यानं आरपार केलेली होती. ती जखमेवर धरायची, शाईनं जखमेची कड गिरवायची आणि ती आकृती चौकटींच्या कागदावर उतरवायची. चौकटीला तो घर म्हणायचा, नक्षीवाले म्हणतात तसं. कागदाच्या एका कोपऱ्यात अर्धवट सोडलेला मोर होता आणि त्याच्या शेजारी नरसम्माची जखम, तारखेसह.

"आली त्या दिवशी एवढी घरं. पयले पाच दिवस तुमच्या हुकमापरमाणं रोज उघडली. हे बघा, चार घरं वाढली. मग थांबलो. सोमवारी आन गुरवारी उघडतो, बाकी दिवस वरची पट्टी तेवढी बदलतो. आता मोजा."

मी मोजली. दोनदा मोजली, कारण माझा विश्वास बसेना. एकवीस घरं कमी झाली होती.

आत तो काय लावायचा तेही त्यानं दाखवलं. वापरून वापरून मऊ झालेल्या धोतराचे चौकोनी तुकडे, आमच्याच वाफेच्या ड्रममध्ये निर्जंतुक केलेले आणि व्हॅसलीननं माखलेले. चिकटत नाहीत, ओढावे लागत नाहीत. त्यावर ती त्याची पट्टी. आणि खाटेच्या पायथ्याखाली दोन विटा. म्हणजे पाय उंच.

"मग सरांना हेच सांग ना!" मी म्हणालो.

"सांगितलं की. चार वर्सामागं. दुसऱ्या एका पेशंटच्या टायमाला. सर म्हणाले, तू बांध, मी विचार करतो." तो कागद गोळा करू लागला. "त्येंचा इचार हुईस्तोवर हिचा पाय जाईल."

सर सोमवारच्या राउंडला जखम बघायचे आणि त्या दिवशी ती उघडलेलीच असायची. बाकी दिवस वरची पट्टी ताजी असायची, वहीत "केलं" असायचं आणि त्याखाली माझी सही. होय, मी सही करत राहिलो. पटलं होतं म्हणून केली असं म्हणायला मला आवडेल. पण खरं सांगायचं तर निम्मं पटलं होतं आणि निम्मी भीती होती. पुढच्या वर्षी रजिस्ट्रारची जागा सरांच्या एका शब्दावर मिळणार होती. दोघांनाही दुखवायचं नाही, एवढंच माझं धोरण होतं.

जखम भरत गेली. नेमून दिल्यासारखा जॉबरमामा रोज मोरी धूत गेला.

आणि तेवढ्यात ती परिषद आली. आसपासच्या जिल्ह्यांतल्या सर्जन मंडळींची परिषद त्या वर्षी सोलापुरात भरायची ठरली आणि विषय निघाला, जखमांची निगा. सरांच्या आनंदाला पारावार नव्हता. एका कॉलेजच्या सभागृहात कापडी फलक लागला. छातीवर लावायचे बिल्ले आले. जेवणाला शेंगाचटणी आणि कडक भाकरी ठेवायची, का पाहुण्यांच्या दातांचा विचार करायचा, यावर कमिटीच्या तीन बैठका झाल्या. प्रत्येक पाहुण्याला चादर द्यायचं ठरलं, दुसरं काय ठरणार? सरांनी पेशंट प्रत्यक्ष दाखवायचं ठरवलं. पेशंट म्हणजे नरसम्मा.

"चार वर्षांची जखम, पाय कापायच्या बेतात," सर मला म्हणाले. "आणि बघ आता. शिस्तीनं रोज ड्रेसिंग केलं तर काय होतं ते दाखवू आपण. वही बरोबर घे."

मी जॉबरमामाला गाठलं. तो म्हणाला, "जाऊ दे की. पाय भरायलाय न्हवं? नाव कुणाचं का हुईना." मला हायसं वाटलं. नावाची त्याला खरोखरच पर्वा नव्हती. मी ज्याची पर्वा करायला हवी होती ते वेगळंच होतं, पण ते माझ्या डोक्यात आलं नाही.

परिषदेच्या दिवशी जॉबरमामा धुवट पांढरा सदरा घालून आला. नरसम्माला चाकाच्या खुर्चीत बसवून आणलं होतं, पट्टी सोडायला आणि पाय धरायला तो बरोबर. व्यासपीठाच्या कडेला पाहुण्यांच्या चादरींची चळत होती. त्यानं वरच्या चादरीचा कोपरा ओढून बघितला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सैल हाय. पावण्यांना फसवायलेत."

सरांनी भाषण इंग्रजीत केलं. सुरेख केलं. स्लाइड दाखवल्या. मग वही उघडून तारीखवार वाचायला लागले. अमुक तारीख, पेरॉक्साइड, कोरडा गॉज, केलं. अमुक तारीख, केलं. दीड महिन्याचं सगळं वाचलं. खाली दोनशेएक डॉक्टर बसले होते आणि त्यातले बरेच ते लिहून घेत होते. मी जॉबरमामाकडं बघितलं. तो सरांकडं बघत नव्हता. त्या लिहून घेणाऱ्या हातांकडं बघत होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण पेरॉक्साइड आणि गॉज हे शब्द त्याला कळत होते आणि लिहिणारी पेनं दिसत होती. प्रत्येक पेनामागं एकेक वॉर्ड असणार, आणि प्रत्येक वॉर्डात असे पाय.

पट्टी सोडली. जखम तळहातावरून रुपयाएवढी झाली होती. सभागृहात टाळ्या पडल्या. जॉबरमामानं घाईनं जखमेवर हात धरला.

पहिल्या रांगेतून एक वयस्कर सर्जनबाई उठल्या. पांढरे केस, नऊवारी, जाड भिंगांचा चष्मा. पायऱ्या चढून त्या वर आल्या, वाकून जखम बघितली आणि सरळ मराठीत म्हणाल्या, "इतकं नवं मांस आणि रोज कोरडा गॉज ओढून काढलाय? रक्त यायचं का हो रोज?"

सर हसले. "ड्रेसरलाच विचारा, बाई. रोज त्यानंच केलंय."

बाईंनी जॉबरमामाला विचारलं, "रक्त यायचं का?"

मी मनातल्या मनात त्याला विनवत होतो. हो म्हण बाबा. एक शब्द. हो म्हण आणि घरी चल.

"रक्त येत न्हवतं," तो म्हणाला. "कारण रोज उघडलीच न्हाय."

"म्हणजे?"

"आठवड्याला दोनदा उघडली. वहीत लिवलंय ते खोटं हाय. मी लिवलंय. औषध मोरीत ओतलं." मग तो सभागृहाकडं वळला आणि वॉर्डात कधी चढवला नाही तो आवाज त्यानं तिथं चढवला. "तुमी लिवून घ्यायलाव, ते खोडा! घरी जाऊन रोज उघडशीला तर पाय जातील लोकांचे!"

कुणीतरी हसलं. कुणीतरी "प्यायलाय का?" म्हणालं. सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. जॉबरमामानं सदऱ्याच्या खिशातून घडी केलेले चौकटीचे कागद काढून बाईंच्या हातात दिले. म्हणजे तो ते घेऊनच आला होता. बाई चष्मा वर सरकवून एकेक कागद बघू लागल्या, पण त्यांना बघायला वेळ कुणी दिला नाही. माइकवर चहाची सूचना झाली.

सर माझ्याकडं वळले. सगळ्यांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "तुझ्या सह्या आहेत. तुला हे माहीत होतं?"

मी म्हणालो, "नाही, सर."

जॉबरमामानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो खाली वाकून नरसम्माच्या पायाला पट्टी बांधायला लागला होता. बोटांपासून, अर्ध्यावर अर्धा पदर. नरसम्मानं मात्र बघितलं. त्या "नाही"बद्दल मी स्वतःला आजपर्यंत सूट दिलेली नाही आणि देणारही नाही.

बाईंनी जाताना ते कागद माझ्या हातात ठेवले. "हे जपून ठेवा," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जॉबरमामाची बदली इस्पितळाच्या लाँड्रीत झाली. वहीत खोटं लिहिणं हा गुन्हा होताच आणि त्यानं तो नाकारला नाही. माफी लिहून दे म्हटल्यावर त्यानं लिहिलं, "वहीत खोटं लिहिलं ही चूक झाली. खरं लिहायला पाहिजे होतं, की उघडली नाही." कमिटीनं हा माफीनामा मानला नाही, आणि दुसरा लिहायला त्यानं नकार दिला.

वॉर्डात नवा ड्रेसर आला. हुकमाचा पक्का. नरसम्माची जखम रोज सकाळी उघडायची, फेस, कोरडा गॉज. सर रोज स्वतः उभे राहायचे. नरसम्मा चादरीचा बोळा तोंडात धरून पडायची. आठव्या दिवशी मी, कुणाला न सांगता, ती आरपार फिल्म घेऊन तिच्या खाटेपाशी गेलो. कड गिरवली. कागदावर उतरवली. मोजली.

अकरा घरं वाढली होती.

मी कागद घेऊन लाँड्रीत गेलो. वाफेनं भरलेली ती खोली, आणि जॉबरमामा चादरी इस्तरी करत होता. प्रत्येक चादर आधी ओढून बघायचा. मी दारात उभा राहिलो तरी त्याचा हात थांबला नाही.

"किती घरं?" त्यानं विचारलं.

"अकरा. वाढली."

"म्हैन्याभरात होती तितकी हुईल."

"मामा, मी काय करू?"

तेव्हा त्यानं इस्तरी खाली ठेवली. मला वाटलं, त्या "नाही"चा हिशेब आता मागेल. तो म्हणाला, "मला कशाला विचारायलाव? माझ्याकडं इस्तरी हाय. पेन तुमच्या खिशात हाय."

मी वर आलो. नरसम्माचा केसपेपर घेतला आणि लिहिलं, "ड्रेसिंग सोमवारी व गुरुवारीच उघडावे. इतर दिवशी आतील ड्रेसिंगला हात लावू नये. कोरडा गॉज वापरू नये. पाय उंच ठेवावा." खाली सही केली, वाचता येईल अशी. विटा मीच आणून खाटेखाली घातल्या. पट्टीही मीच बांधली. कशीबशी, पण बोटांपासून. तो मंगळवार होता.

बुधवारी सकाळी नव्या ड्रेसरनं लिहिण्याआधी मी वही ओढली आणि तिच्या खाटेपुढं लिहिलं, "उघडली नाही". मग सर राउंडला आले. केसपेपर वाचला.

"हे कुणी लिहिलं?"

"मी, सर."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"कुणाच्या नाही. मी मोजलंय." मी कागद पुढं केला. त्यांनी घेतला नाही. "आणि परिषदेत मी नाही म्हणालो ते खोटं होतं. मला दुसऱ्या आठवड्यापासून माहीत होतं. जॉबरमामानं लपवलं नव्हतं, दाखवलं होतं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तू काय बोलतोयस ते तुला कळतंय? रजिस्ट्रारची जागा..."

"कळतंय, सर."

"उघड ती पट्टी," सर नव्या ड्रेसरला म्हणाले.

ड्रेसर पुढं झाला. मी खाटेच्या आणि त्याच्या मध्ये उभा राहिलो. "गुरुवारी उघडायची आहे, सर," मी म्हणालो. "उद्या."

नरसम्मानं पाय चादरीखाली ओढून घेतला आणि चादरीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. "रेपु," ती सरांना म्हणाली. तेलुगूत उद्या. सर सोलापुरात जन्म काढलेले, त्यांना तेवढं कळत होतं. त्यांनी केसपेपर खाटेवर ठेवला आणि ते पुढच्या खाटेकडं गेले. परत त्या केसपेपरला त्यांनी हात लावला नाही. माझ्याशी ते पुढची सगळी वर्षं बोलले नाहीत, आणि ती जागा दुसऱ्याला गेली. मी याच शहरात साधा फॅमिली डॉक्टर झालो. त्याचं मला वाईट वाटतं का, असं लोक विचारतात. वाटतं. पण परत तीच वेळ आली तरी मी त्या खाटेपुढनं हलणार नाही.

जखम पुढच्या दोन महिन्यांत भरली. शेवटच्या दिवशी नरसम्मा स्वतःच्या पायांनी चालत आधी लाँड्रीत गेली. मी मागोमाग ती वही घेऊन गेलो. का नेली ते मला नीट सांगता येणार नाही. त्याला दाखवायची होती, एवढं खरं.

नरसम्मा धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसली. जॉबरमामानं आधी तिचा घोटा दाबून बघितला. मग वही घेतली. मी लिहिलेल्या ओळी त्यानं बोट ठेवून वाचल्या. उघडली नाही. उघडली नाही. माझी सही, माझी सही. मग त्यानं पानं मागं उलटली, स्वतःच्या त्या जुन्या पानांवर आला आणि माझ्यापुढं हात केला. मी पेन दिलं.

ज्या दिवशी त्यानं औषध मोरीत ओतलं होतं, त्या प्रत्येक दिवसाचं "केलं" त्यानं सरळ रेघ ओढून खोडलं, वर "उघडली न्हाय" असं लिहिलं आणि पुढं स्वतःचं ते लांबलचक तेलुगू नाव, पूर्ण, एकेक अक्षर. एक ओळ झाली की वही माझ्याकडं सरकवायचा. मी माझ्या जुन्या सहीखाली नव्यानं सही करायचो. सगळी पानं होईपर्यंत इस्तरी गार झाली. नरसम्मा मध्येच म्हणाली, सरांनी बघितलं तर? जॉबरमामा म्हणाला, "बघावं म्हणूनच लिवायलोय."

शेवटची ओळ झाली. त्यानं वही मिटली, तिच्या पाठीवरचा शिवणीचा दोरा दोन बोटांत धरून हलकेच ओढला आणि वही माझ्या हातात दिली.

"न्या वर," तो म्हणाला. "सरांच्या टेबलावर ठेवा. ताण बरोबर हाय."